नळाला बांधलेली हिरवी तार

मी, पल्लवी शंकर गावडे, वय सव्वीस, राहणार नवनगर, हुबळी-धारवाड, हे मृत्युपत्र कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःहून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि प्रकृतीही बरी आहे. कोप्पीकर रोडवर एका दस्तलेखकाच्या कचेरीत मी टायपिंग करते. इतरांची मृत्युपत्रे पुष्कळ टाइप केली. सव्वीस वर्षांच्या मुलीचे एकही पाहिले नाही. म्हणून कारण आधी लिहिते.

गेल्या मंगळवारी सकाळी माझी आई मंगला हिला न्हाणीत विजेच्या शॉवरच्या नळाचा झटका बसला. ती पडली, कोपर फुटले. "मुंग्या आल्या गे, दुसरं काय नाही," म्हणून तिने विषय मिटवला. तेव्हापासून घरात सर्वांच्या आधी आंघोळ मी करते. नळात वीज उतरली असेल तर ती पहिल्यांदा मला कळावी. माझे काही झाले तर मागे गोंधळ नको, म्हणून हा कागद.

कलम १. घर. नवनगरातील दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे, कारण घेताना कागद वाचून सही करणारी घरात मी एकटीच होते. माझ्या आधी आमच्या घरातले कोणी शाळेत गेले नव्हते. हे घर मी आईला व तिच्यानंतर धाकटी बहीण सविता हिला देते. अट एकच. अंगणात खड्डा खणून नवे अर्थिंग होईपर्यंत, आणि परवाना असलेला वायरमन ते तपासून लिहून देईपर्यंत, शॉवरचे बटण कोणीही दाबायचे नाही. सविता दत्तजयंतीच्या आधी पहिल्या बाळंतपणाला येत आहे. बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाण्याने न्हाऊ घालतील, आणि ते पाणी याच नळाचे असेल. मला याची भीती आहे. बाकी कशाची एवढी नाही.

कलम २. शॉवर. तो मी पहिल्या पगारातून आणला, कारण सांधेदुखीमुळे आईला चुलीवरचा हंडा उतरवता येईना. दुकानदार गोविंदशेट यांनी विचारले, "घरात अर्थिंग आहे ना?" अर्थिंग म्हणजे काय, मला माहीत नव्हते. शिकलेल्या मुलीने ते विचारायचे याची लाज वाटली. मी हो म्हटले. घरी येऊन तोच प्रश्न वडिलांना, अप्पांना केला. त्यांनी बेलूरच्या कारखान्यात काही वर्षे वायरमनच्या हाताखाली शिडी धरली होती. तेही "हाय की" म्हणाले. आता मला वाटते, त्यांनाही नीट माहीत नव्हते, आणि शिकलेल्या मुलीपुढे तसे म्हणायची त्यांनाही लाज वाटली.

शॉवर अप्पांनीच बसवला. नारळ फोडला, कुंकू लावले, गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. शॉवरमधली हिरवी तार, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार, अप्पांनी पाण्याच्या लोखंडी नळाला बांधली. नळ जमिनीत गेलेला, म्हणून तेवढ्यावर भागत होते. मागच्या वर्षी जमिनीतला पाइप बदलून प्लॅस्टिकचा घातला. तार भिंतीतल्या लोखंडी तुकड्याला तशीच राहिली, आणि तो तुकडा आता जमिनीला कुठेच लागत नाही. तेव्हापासून नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. बोर्डातला ट्रिप, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा खटका, नेमका आंघोळीच्या वेळी पडू लागला, तेव्हा ट्रिप नाजूक आहे म्हणत अप्पांनी तो वगळून जोडणी केली. आईने न्हाणीच्या दारात रबरी चपला ठेवल्या. पाहुण्यांनाही आम्ही त्या घालायला देतो. कारण सांगत नाही.

हे सारे मी गुरुवारी गोविंदशेटना विचारून समजून घेतले. शॉवर घेताना खोटे हो म्हटल्याची माफीही मागितली.

कलम ३. माझा टेस्टर सविताचे यजमान रोहित यांना द्यावा. दिवाळीत ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अक्का, एवढं शिकून पाण्याला भ्यायचं होय?" टेस्टर शॉवरच्या नळाला टेकवला की लाल पेटतो. सविता न्हाणीत जाण्याआधी त्यांनी तो स्वतः टेकवून पाहावा, आणि मग हसावे.

कलम ४. बँकेतील शिल्लक आईला. मराठी आणि कन्नड असे दोन्ही शब्दकोश सविताच्या बाळाला. सातवीनंतर माझी शाळा बंद करा म्हणून सांगायला आलेल्या तुकारामकाकांना काही नाही. माझा राग गेला आहे असे लिहिणार होते, पण या कागदात खोटे नको.

कलम ५. वडील शंकर यांना मी काहीही देत नाही. यात राग नाही. शेजारच्या निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही ठेवलेले नसावे, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवत नाही. मला या कागदावर अप्पांची सही हवी आहे. शॉवरचा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ते ताटावरून उठून गेले. साक्षीदाराला उठून जाता येत नाही.

वाचून दाखवल्यावर वाढवलेला मजकूर. आज दुपारी इंदुमतीबाईंसमोर वरील सर्व मी अप्पांना वाचून दाखवले. त्यांना सहीपुरतीच अक्षरे येतात. आईच्या कोपराचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या कलमात लाजेचे आले तेथे त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. मी वाचले.

"तवाच सांगायचं न्हाईस का गे, मला ठाव न्हाई म्हणून?"

"तुम्ही सांगितलं असतं का, अप्पा?"

ते उठले. मला वाटले, तिसऱ्यांदाही तेच. पण बोर्डाकडे जाऊन त्यांनी शॉवरच्या लाइनचा फ्यूज काढून आणला आणि या कागदावर ठेवला.

"खड्डा मी खणतो. तार दुसरा कोणीतरी जोडू दे. आता सही कुठं करायची दाखव."

वायरमन लिहून देईपर्यंत तो फ्यूज इंदुमतीबाईंच्या कपाटात राहील. उद्यापासून पाणी चुलीवर तापेल आणि हंडा मी उतरवीन.

हा कागद मी लिहिला, वाचला, आणि दोघांच्या देखत सही केली. दोघांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: नवनगर, हुबळी-धारवाड
तारीख: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

(सही) पल्लवी शंकर गावडे

साक्षीदार:
१. (सही) इंदुमती वामन देसाई
२. (सही) शंकर तुळजाप्पा गावडे. कुदळ आणायला जायचे म्हणून यांनी सही उभ्यानेच केली.