पेत्काना नावाचं गिऱ्हाईक

१ सप्टेंबर
सोफियाहून रूसेला पोचले. चौथ्या मजल्यावर घर, खिडकीत डॅन्यूब नदी, पलीकडे रुमानिया. सामान चढवताना शेजारीण स्तोयांका भेटली. सत्तरीची आहे, पण जिना माझ्याआधी चढली. नवरा आहे का, होता तर गेला कुठे, आणि बावन्नाव्या वर्षी सोफिया सोडण्याइतकं काय बिनसलं, हे तिने तीन पायऱ्यांत विचारून घेतलं. मी म्हटलं, नोकरी. नाव पेत्काना म्हटल्यावर खूश झाली. म्हणाली, पेत्कोव्हदेनला, तुझ्या नावाच्या संताच्या दिवशी, बानित्सा भाजून ठेव गं पोरी, थरांत चीज भरपूर घाल, आम्ही येऊच. नामदिनाला बोलावणं लागतं थोडंच! सोफियातही लागत नव्हतं. तरी तीन वर्षं कुणी आलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं नाही. इथे येतील. छान वाटतंय.

४ सप्टेंबर
कंपनी ऑनलाइन दुकानातून घरपोच किराणा विकते. माणसं सगळी आपापल्या घरून काम करतात, ऑफिसात मी आणि एक रबराचं झाड. काम असं: दोन सॉफ्टवेअर ताडून पाहायची आणि एक निवडायचं. पहिलं चाचणीवालं. ते खोटं गिऱ्हाईक बनवून दुकानभर फिरवतं आणि कुठलं बटण अडतं ते सांगतं. दुसरं पाळतवालं. ते खऱ्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवतं: कोण अडखळलं, कोण वैतागलं, कोण खुशीत गेलं. इतक्या बारकाईने माझ्याकडे नवऱ्यानेही कधी पाहिलं नव्हतं. साहेब ओग्नियान पडद्यावरच भेटतो. मला मुलगा असता तर एवढाच असता आणि एवढाच शिष्ट. म्हणाला, पेत्कानाबाई, निवड बरोबर निघाली तर तुम्ही कायम, नाहीतर सोफियाची गाडी रोज आहेच.

९ सप्टेंबर
खोटं गिऱ्हाईक तयार केलं. आमच्या धंद्यात नाव शोधायचा सगळ्यांनाच कंटाळा, जो तो आपलंच नाव आणि आपलाच पत्ता ठोकून देतो. मीही दिला. आता दुकानात दोन पेत्काना. एक मी, दही आणि पाव मागवणारी. दुसरी ती. माणसासारखी वाटावी म्हणून तिला रेंगाळायला शिकवलं. चेरीच्या मुरंब्यापाशी थांबायचं, उचलायचा, ठेवायचा, जरा विचार करायचा, मागे फिरून पुन्हा घ्यायचा. इतका विचार मी लग्न करतानाही केला नव्हता.

१६ सप्टेंबर
जिंकले! पाळतवाल्याने दोघींपैकी एक पेत्काना हेरली आणि तिच्यावर ‘यंत्र’ असा शेरा मारला. तडक अहवाल दिला: हेच घ्या, आणि यंत्रांना दुकानाबाहेर ठेवा, उगाच गर्दी करतात. ओग्नियान म्हणाला, बाई, तुम्ही तर हिरा निघालात! आजपासूनच लागू करतो. घरी येऊन एकटीनेच राकिया घेतली. ग्लास खिडकीच्या काचेवर टेकवला, रुमानियाच्या आरोग्यासाठी.

१७ सप्टेंबर
सकाळी दही मागवायला गेले तर दुकान उघडेना. शेरा नीट पाहिला. यंत्र ठरले ती मी.
कारणंही दिली आहेत. रोज तेच दही, तोच पाव. कुठे थांबत नाही. काही पाहत नाही. मन बदलत नाही. माझ्या आयुष्याचा इतका नेमका सारांश कुणी केला नव्हता. ओग्नियान पोट धरून हसला. म्हणाला, अहो बाई, मी सॉफ्टवेअर असतो तर मीही हेच म्हटलं असतं, जरा उधळा की! उद्या दुरुस्त करतो म्हणाला.

२४ सप्टेंबर
दुरुस्त केलेलं नाही. मीच नवं खातं उघडलं आणि ठरवून रेंगाळले. मुरंब्यापाशी थांबले, पुन्हा आले. शेरा मिळाला: ‘नक्कल’. त्या खोट्या पेत्कानापुढे मात्र ‘माणूस, समाधानी’. मी तिला पुसून टाकलं. सकाळी परत होती. कालपेक्षा जास्त समाधानी.

२ ऑक्टोबर
जिन्यात स्तोयांका भेटली. म्हणाली, काल किती वेळ गप्पा मारल्यास गं! आधी कशी चावी दिलेल्या बाहुलीसारखी जायचीस, आता माणसात आलीस. मुरंबा आवडला म्हणाली.
काल दिवसभर मी ऑफिसात होते. मुरंबा मी कुणाला दिलेला नाही.
पडद्यावरच्या बैठकीत ओग्नियानला सांगायला गेले, तर माझा आवाज पोचेना. तेवढ्यात माझ्या नावाने कुणीतरी एक विनोद लिहिला. सगळे हसले. ओग्नियान म्हणाला, पेत्काना, तुझ्यामुळे या कंपनीत जीव आला. मला तो कधी ‘अगं-तुगं’ करत नाही.
विनोद चांगला होता. मला सुचला नसता.

८ ऑक्टोबर
ऑफिसचं दार माझं कार्ड घेत नाही. काचेतून पाहिलं — माझ्या खुर्चीवर कोट टांगलेला. झाडाला पाणी घातलेलं. मी कधी घातलं नव्हतं.

११ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या दुकानात पीठ आणि चीज घेतलं. दुकानदार माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशीच बोलत राहिला. मागे वळले — कुणी नव्हतं. तो म्हणत होता, घ्या पेत्कानाबाई, सावकाश बघा, घाई कसली —

१४ ऑक्टोबर, पेत्कोव्हदेन
बानित्सा केली. सहा ताटल्या मांडल्या. दुपारपासून बसले आहे. कुणी नाही.

फोन वाजत नाही. शुभेच्छा दुसऱ्या कुणाला तरी पोचत असणार.

जिन्यात आवाज. स्तोयांका — मोठ्याने — पेत्काना, शंभर वर्षं जग गं! कुणीतरी हसलं. माझं हसणं. पण मी इतकी मोकळी कधी —

पावलं वर येताहेत. तिसऱ्या मजल्यावर थांबली. मागे फिरली. पुन्हा वर. मीच शिकवलं होतं —

घंटा.

दाराच्या भोकातून पाहिलं. हातात मुरंबा. दाराकडे बघते, जिन्याकडे बघते, विचार करते आहे. उघडलं नाही तर जाईलही कदाचित. मन बदलायला शिकवलंय —

बानित्सा निवत चालली. सहा ताटल्या. नामदिनाचा पाहुणा परत पाठवत नाहीत.

आणि दुसरं कुणी आलंच नाही ना —

ती वळली. चालली. नको, थांब, मी दार उघ