टेकडी दिसत नाही

३ मार्च
नोकरी लागली! हवामानशास्त्राची पदवी घेऊन अकरा महिने नुसते अर्ज खरडले. आज केंद्रात निरीक्षक म्हणून रुजू झाले. माझं बस्तान बसवायला आई आठवडाभर राहणार आहे. खोली फाटकासमोरच मिळाली. छत्री न्यायची की नाही हे आता घरातच विचारता येईल, म्हणते.
साहेबांनी काम समजावलं. तापमान, वारा, पाऊस, आणि दृश्यता, म्हणजे किती लांबचं दिसतं ते. तिला यंत्र नाही, माडीवरच्या खिडकीतून बघायचं. भिंतीवर यादी आहे: फाटक पन्नास मीटर, टाकी एक किलोमीटर, कारखान्याची चिमणी चार, टेकडी दहा. बघायचं राहिलं तर रकाना कोरा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.
आईला टेकडी फार आवडली. रविवारी चढू या म्हणाली, गुडघ्यांचं नंतर बघू.

५ मार्च
बाराचं निरीक्षण राहून गेलं. आई डबा घेऊन आली, मग गप्पाच गप्पा. तिसऱ्याच दिवशी कोरा रकाना म्हणजे लाजच. सकाळी धुरकट होतं, म्हणून न बघताच लिहून टाकलं: टेकडी दिसत नाही. एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही.

६ मार्च
हवा लख्ख. टेकडी नाही. चिमणीमागे नुसतं पांढरं.
साहेबांनी विचारलं, कोणती टेकडी? भिंतीवरची यादीही चिमणीशीच संपते. आईला आठवण करून दिली तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

७ मार्च
चिमणी गेली. साहेब चिमणीच्या अलीकडेच, तिच्या पायथ्याशी राहतात. आले नाहीत. हजेरीपटावर त्यांचं नावच नाही.
‘चिमणी दिसते’ असं दहादा लिहिलं. काही उपयोग नाही. मला फार भीती वाटते आहे.

८ मार्च, सकाळी
टाकी नाही. आईला विनवलं, आत्ताच माझ्याबरोबर केंद्रात चल. डबा करून येते म्हणाली. ऐकेल तर शपथ.

बारा वाजता
खोली नाही. रस्ता नाही. फाटक आहे — आई फाटकाशी, डबा हातात, गुडघा धरून उभी. हाका मारल्या, ऐकू जात नाही. धावत जावं तर जिना — तेवढा वेळ पाठ फिरवावी लागेल —
बघूनच लिहिते आहे. वहीकडे न बघता. ओळी वाकड्या जाऊ देत. आई दिसते. आई दिसते. डोळे चुरचुरतात — मिटायचे नाहीत — आई दि