काट्या घरातच हाय

२९ ऑगस्ट, शुक्रवार
मी काय त्याले मुद्दाम सोडला? पिंजरा धुवाले काढला मी. झाकण लावाचं काम कुंदनच्या बाबाचं. ते म्हणतात, काढलं तूच. काढलं मीच, पण लावाचं कोणं?

आमची सून मोनाली, तिनं हे जनावर पुण्याहून आणलं. हेजहॉग म्हणते. तोंड उंदराचं, अंगावर काटे, मुठीत मावते. मी काट्या म्हणते. गेल्या महिन्यात मी म्हणली, या घरात तो राहीन नाईतर मी. तं मोनालीच अकोल्याले माहेरी गेली, पोरगा कुंदनही तिच्या मांगं. तिथं मांजर हाय, म्हणून काट्या इथंच. गेली ती, राहिला तो.

आता महालक्ष्म्यांच्या जेवणाले येऊन राहिली. सारं बरं दिसलं तं इथं अमरावतीलेच राहीन, नाईतर कुंदन अकोल्यात खोली घेणार.
सकाळपर्यंत सापडते. एवढंसं घर.

३० ऑगस्ट, शनिवार
दारं बंद. फटीत जुनी लुगडी कोंबली. कोणी आत नाई, कोणी बाहेर नाई. वावरातला झेंडू घरात पडून, मंडीत आजच भाव. यांनी तो खिडकीच्या गजातून ओंजळी-ओंजळीनं बाहेर ऑटोवाल्याले दिला. म्हणाले, जेलात बसल्यासारखं वाटते. मी म्हणली, भेटीले तं कोणी येऊन नाई राहिलं.

दुपारी फरशीवर पीठ पसरलं. पावलं उमटतीन.
उमटली. यांची. फ्रिजपर्यंत.

मोनालीचा फोन आला. सांगतलं, खाऊन झोपला. व्हिडिओ कॉल करा म्हणे. म्हटलं, झोपल्याले दृष्ट लागते. हे काही खोटं नाई. कुठंतरी झोपलाच असन.

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या बसल्या, दार उघडावंच लागलं. धान्याच्या कोठ्यांवर मुखवटे, नवी लुगडी, दारापासून रांगोळीची पावलं.
संध्याकाळी शेजारची तानुबाई हळदीकुंकवाले आली अन् खालीच बसली. माह्या रांगोळीच्या मधून लहान लहान पावलं, बोटं सुद्धा दिसत होती, थेट ज्येष्ठेच्या लुगड्याखाली गेलेली. तानुबाईनं डोळ्याले पदर लावला.
"बाई, लक्ष्मी सोता चालत आली वं तुमच्या घरी."
मी खरं सांगणारच होती. तेवढ्यात तिनं कपाळ टेकवलं. कपाळ टेकवलेल्या बाईले काय सांगाचं?

बसवलेल्या महालक्ष्मीले विसर्जनापर्यंत हलवत नाई. लुगडं उचलावं तं सारी गल्ली पाहून राहिली. वात सारखी करते म्हणून खाली हात घातला. बोटात काटे घुसले.
म्हणजे सापडला. फक्त काढाचा राहिला.

१ सप्टेंबर, सोमवार
तानुबाईनं गल्लीभर सांगतलं. पावलं पाहाले रांग. पुरणपोळ्या कमी पडल्या. मी लुगड्यासमोरून हलली नाई, बायका म्हणे काय भक्ती. कंबर गेली.

मोनाली अन् कुंदन आले. तिनं पावलं पाहिली, मंग मले पाहिलं. पदर पसरून वाकली, लय वेळ. उठली तं पदर गच्च धरलेला. ना लुगडं हललं, ना मुखवटा. काट्यानं काटेही उभे नाई केले. मले टोचला होता. तानुबाई म्हणे, सून असावी तं अशी.

स्वयंपाकघरात मोनाली हळूच म्हणाली, "आई, हरवला म्हणून सांगतलं असतं तं मी शुक्रवारीच आली असती. संग शोधला असता."
मी म्हणली, हरवला कुठं होता? घरातच होता.
तिची बॅग गाडीत होती. गाडीतच राहिली. काट्याले डब्यात घालून नेलं.

३ सप्टेंबर, बुधवार
काल विसर्जन झालं. कुंदन खोलीचं पक्कं करून राहिला म्हणतात. करो. मी कोणाच्या पाया पडणार नाई. हे जेवता जेवता दोनदा म्हणाले, घर कसं शांत झालं. मी म्हणली, तेच तं पायजे होतं मले.
दुपारी तरी काट्याची खायाची वाटी भरली. सवय, दुसरं काही नाई.

कुंदनले मेसेज टाकला: पिंजरा धुऊन ठेवला. झाकण मी सोता लावून पाहिलं, बसते. उगाच जागा अडवून राहिला. रविवारपर्यंत सांग, तुमी पिंजरा न्याले येता का राहाले येता.