नांगराची वाकडी रेघ

१४ मे

प्रिय आई, तुला नमस्कार.

महिनाभर पत्र नाही, माफ कर. तब्येत ठणठणीत आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या शेतकऱ्यांना मी उताराला आडवं नांगरायला शिकवते, म्हणजे पावसात माती वाहून जात नाही. पण उताराच्या वळणानं जाताना रेघ वाकडी होते, आणि सरळ रेघेसाठी नावाजलेले एक आजोबा अडून बसले. "लोक म्हणतील, म्हातारा पिऊन नांगरतो!" त्यांच्याकडे बघून बाकीचेही हलेनात. पाऊस तर तोंडावर आलाय.

त्यांच्या घरच्या आजी बांधावरून कडाडल्या, "अहो, सरळ नांगरून निम्मं शेत ओढ्यात घातलंत की!"

आजोबांचा आयुष्यभराचा मान मोडायचा मला काय अधिकार, असं मनात आलं. पण शेताच्या वरच्या अंगाला खडक उघडा पडलाय. मी हटले नाही.

शेवटी आजोबा म्हणाले, "बरं. पण बाई, बैलांपुढं तुम्ही चालायचं. पिऊन कोण आहे, ते गावाला दिसू दे!"

मी हो म्हटलं. बैल गरीब आहेत, काळजी करू नकोस.

तुझी,
थोरली

उद्या: सकाळी आजोबांच्या बैलांपुढे, मी आखलेल्या रेघेवरून चालणे.