पेटीतला दुसरा नंबर

४ फेब्रुवारी
शेताच्या मालकाने फोन केला नाही, तर मोटर सुरू कोणी केली? दिवसभर शोधलं. उत्तर नाही.
धामणगाव बढ्याचे गजाननभाऊ दुकानात पेटी घेऊन आले. मालकाने मिस्ड कॉल दिला की विहिरीवरची मोटर चालू करते, ती आमची पेटी. ते पंख्यात अडकलेलं गवत काढत होते अन् मोटर फिरली. बोटं थोडक्यात वाचली.
"ताई, भूत बसवून देता काय पेटीत?"
या पेट्या बनवणारे आमचे सर म्हणाले, ओल लागली असेल.

५ फेब्रु.
चिपमधला प्रोग्राम उतरवून वाचला. मालकाच्या नंबरखाली आणखी एक नंबर. माहितीपत्रकात नाही. पेटी त्याचंही ऐकते. लाईट आली की त्यालाही मेसेज.
कोणाचा, ते शोधावं लागलं नाही. माझी बारावी झाली तेव्हा बाबांनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिला होता. "पोरीले शिकू द्या, मी हाय ना," म्हणाले होते सर. आई सारवताना अजून तेवढी जागा सोडते.

६ फेब्रु.
सरांनी तो नंबर केव्हाच सोडलाय. लावून पाहिला. अनोळखी बाई.
"लाईट आली, लाईट आली, रोजचे मेसेज! कोण हाय म्हणून मी उलटा फोन करते, तं कोणी बोलतच नाही."
तिला काय माहीत, तिच्या उलट्या फोनने कुठेतरी मोटर फिरते.

७ फेब्रु.
सरांना विचारलं.
"लोक सिम बदलतात बेटा, पेटी अडते, मंग मलेच पळा लागते. घरूनच चालू करून देता यावी म्हणून टाकला."
"मग सांगितलं काऊन नाही, सर?"
चष्मा पुसत म्हणाले,
"नव्या पेट्यांतून काढून टाक. जुन्यांचं बोलू नको. दुकान बसंल."
पेटी तपासताना कोणावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला यांनीच शिकवलं. मी जेवले नाही.

९ फेब्रु.
त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गजाननभाऊंची बोटं...

१० फेब्रु.
सकाळीच मी गिऱ्हाइकांची वही घेऊन बसले. पहिला फोन घरी. आमच्या विहिरीवरची पेटी सरांनी स्वतः बसवलेली.
"जयभीम बाबा. पेटीतलं सिम काढून टाका. मोटर हातानं चालवा."
"काऊन? सरांले विचारलं का?"
सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "भिंतीवरचा नंबर पुसू का?"
फोन ठेवला, पुढचा लावला.
मग धामणगाव बढे, जानेफळ, सगळी वही. प्रत्येकाला कारण सांगितलं, माझं नाव सांगितलं. सर समोरच बसले होते. अडवलं नाही. शेवटच्या नावावर टिक केली, तेव्हा खुर्ची रिकामी होती.