ताईच्या पेशींचे ब्रेक

४ मार्च
सांगून टाकलं! सांगायचं नव्हतं. रक्ताच्या नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण ताईची नळी मीच लॅबमध्ये आणली होती. क्रमांक कसा विसरणार?

तिनेच विचारलं— "तुझा तो आळशी आरएनए काय म्हणतो?" प्रथिनं बनवत नाही म्हणून आळशी. म्हटलं, आळशी कसला, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवरचा ब्रेक तोच वाढवतो. मग त्या पेशी कॅन्सरच्या गाठीवर तुटून पडत नाहीत. तुझ्या रक्तात तो उतरलाय, आणि ब्रेक जवळजवळ गेलाच! ती रडली. मग भावजींवर ओरडली, "ऐकलंत का? माझे ब्रेक गेले. समोर येऊ नका आता!"

१९ मार्च
बैठकीत आलेख दाखवला. शेजारच्या लॅबमधल्या बाईंनी एकच विचारलं— "ब्रेक कमी दिसलेले नमुने औषध चालू असतानाचे का?"

हो. सगळेच.

पुढे कुणी बोलायची गरज नव्हती. गाठीवरचं औषध ब्रेक दाबायला त्यावर जिथे बसतं, तिथेच ब्रेक मोजायचा आमचा रंग चिकटतो. जागा अडलेली, रंग बसणार कुठे? ब्रेक गेले नव्हते, झाकलेले होते. आणि हे मी दरवर्षी मुलांना शिकवते!

२० मार्च
दुसऱ्या जागी चिकटणारा रंग लावून पुन्हा पाहिलं. आरएनए उतरलाय खरा, पण ब्रेक जागच्या जागी. ताईचे तर भरपूर.

सर म्हणाले, "छापायच्या आधी कळलं, नशीब समज." आलेख मागे घेतला. ताईला फोन केला— आणि हवापाण्याचं बोलून ठेवला.

२३ मार्च
नाही सांगितलं.

२७ मार्च
ठरवून गेले. ताई शिडीवर चढून पडदे लावत होती. औषधाने अंगाला खाज सुटायची, खाजवून रक्त निघायचं, ती खाज पार थांबलीय. हातावरचे ओरखडे भरलेत. भावजी शिडी धरून— "सांभाळून, ब्रेक नाहीत!" दोघं हसत सुटली.

मीही हसले. बरी दिसतेय, कशाला बोला— तिच्याच भल्यासाठी. खोटं! मला तिच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं, एवढंच.

२९ मार्च
आज सगळं सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे ब्रेक आहेतच?" आहेत. औषधाने झाकलेत, म्हणून तर ते चालू हवं.

घडी हातातच राहिली.

"मी तेव्हापासून एकही डोस घेतला नाही गं. दवाखान्यात सांगितलं, पाहुणे आलेत. खाज सोसवत नव्हती... आणि तू म्हणालीस ना, गेले म्हणून."