एक तारा, दोन टायर

३ नोव्हेंबर, सोमवार

टायर आले. पुढचा आणि मागचा, दोन्ही. काळेभोर. नव्या रबराचा वास घरभर. सोफ्यावर ठेवले. ही म्हणाली जमिनीवर ठेवा. ठेवले.

ऑनलाइन घेतले हे सांगायला नकोच. मी खरेदी विभागात मुरलेला माणूस. दुकानातून टायर घेणं म्हणजे दुकानदाराच्या पोरांची फी आपण भरणं. ते साडूने करावं. साडूचा टायरवाला त्याला चहा पाजतो, आणि हा जगभर सांगत सुटतो की तो आपला माणूस आहे. अरे बाबा, तो चहा तुझ्याच टायरच्या किमतीत धरलाय.

संकल्प: तेवीस तारखेला सासूबाईंची पंच्याहत्तरी. मोटरसायकलवरून जायचं. ही मागे. गेल्या वर्षी एका वळणावर वाळूवरून गाडी घसरली, तेव्हापासून ही माझ्या मागे बसलेली नाही. हिच्या कोपराला प्लास्टर होतं, मान्य. पण वाळू मी टाकली नव्हती. ही म्हणते टायर पार गोटा झाले होते. असतील. आज स्वतःहून म्हणाली, नवे टायर लागले तर मागे बसेन, नाहीतर ताईच्या गाडीतून जाईन. ताईच्या म्हणजे साडूच्या.

टायर चढवणं म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम.

४ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ

दोन्ही चाकं स्वतः काढली. दुकानदार चाक काढायचे वेगळे पैसे लावतात. गाडी जिन्याखाली विटांवर उभी केली. खालच्या काकूंनी विचारलं, हे असं किती दिवस? म्हटलं परवापर्यंत. काकूंनी तोंड वाकडं केलं. या बाईंना यंत्रातलं काडीचं कळत नाही.

शेवटी एक वॉशर हातात उरला. कुठून निघाला कळलं नाही. कंपन्या काही वॉशर उगाच घालतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हाफ डे टाकला. चाकं आणि टायर घेऊन बसने चौकातल्या टायरवाल्याकडे. कंडक्टर म्हणाला हा टेम्पो नाही. त्याच्या नादी लागलो नाही. शेजारच्या बाईच्या ड्रेसला थोडं ग्रीस लागलं, तिने बस डोक्यावर घेतली. ग्रीस धुतलं की जातं.

टायरवाला म्हणजे पोट काउंटरवर टेकवून बसलेला ढेरपोट्या. टायरवरचं लेबल वाचलं आणि म्हणाला, बाहेरचा माल आम्ही चढवत नाही. जिथून घेतलात तिथेच चढवून घ्या.

म्हणजे आता मी चाक इंटरनेटमध्ये घालू का? हे वाक्य मला परत येताना बसमध्ये सुचलं. दुकानात नुसतं बरं म्हणून बाहेर पडलो. असल्या माणसांपुढे मी शब्द वाया घालवत नाही.

रात्री रिव्ह्यू टाकला. "मग्रूर मालक. मागासलेली वृत्ती. गिऱ्हाइकाला कचरा समजतात. एक तारा, तोही शून्याची सोय नाही म्हणून." तीनदा वाचला. काटेकोर उतरलाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रिव्ह्यू दोन जणांना उपयुक्त वाटला. त्यातला एक मी.

एकाच माणसाच्या बोलण्याला वजन येत नाही. ही आंघोळीला गेल्यावर हिच्या फोनवरून हिच्या नावानेही एक टाकला. "इथे महिलांशी उद्धटपणे बोलतात." ही तिथे गेलेलीच नाही, पण गेली असती तर बोलले असते. माणूस बघून कळतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुसरं दुकान, पुलाखालचं. या वेळी पूर्ण तयारीने. लेबल खरवडून काढलं. मेहुण्याने भेट दिले असं सांगायचं ठरवलं. मला मेहुणा नाही, पण हे टायरवाल्याला कुठून कळणार?

दुकानात मिट्ट अंधार, तरी मालकाच्या डोळ्यांवर गॉगल. म्हणाला, मेहुणा चांगला आहे, त्याने कुठून घेतले? गडबडीत म्हटलं, चौकातल्या दुकानातून. गॉगलवाल्याने तिथल्या तिथे फोन लावला. ढेरपोट्या त्याचा मावसभाऊ निघाला. दोघं बराच वेळ बोलले. मध्ये मध्ये माझ्याकडे बघून हसत होता. फोन ठेवून म्हणाला, मेहुण्याला नमस्कार सांगा.

गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास नाही, हीच या धंद्याला लागलेली कीड आहे. एक तारा. त्यात गॉगलचाही उल्लेख केला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही आतल्या खोलीत आईशी फोनवर बोलत होती. मी दाराशी मोजे शोधत होतो. आईला सांगत होती की या वेळी आम्ही दोघं मोटरसायकलवर येतोय, लग्नानंतर यायचो तसे. सासूबाई काहीतरी बोलल्या असणार, कारण ही हसली. असं हसणं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं. मोजे न घेताच ऑफिसला गेलो.

काकूंनी जिन्यात अडवून विटांचं विचारलं. सांगितलं, दोन दिवस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरं दुकान, हायवेवरचं. मोठं शोरूम, काचेचं दार, टायर चढवायचं मशीन. म्हटलं, इथे शिकलेली माणसं असणार.

मालकाने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलकडे. मग परत माझ्याकडे. आत हाक मारून म्हणाला, या रे, हेच ते. चौघं हात पुसत बाहेर आले. मोबाइलवर माझा प्रोफाइल फोटो होता, मोटरसायकलला टेकून हाताची घडी घातलेला. या टायरवाल्यांचा एक ग्रुप आहे म्हणे. त्यात माझे रिव्ह्यू फिरतायत. एकाने तर शून्याच्या सोयीचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाकीच्यांनी टाळ्या दिल्या.

लेखन लोकांपर्यंत पोहोचतंय. टायर चढवले नाहीत, ती गोष्ट वेगळी. मालक म्हणाला आमचंही कौतुक लिहा. लिहिलं. एक तारा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ही म्हणाली, साडूंना सांगू का, त्यांच्या ओळखीचा आहे. म्हटलं, खबरदार.

१६ नोव्हेंबर, रविवार

निर्णय घेतला. स्वतः चढवणार. हे गल्लाभरू लोक जे करतात ते मला जमणार नाही? व्हिडिओ बघितले. व्हिडिओतल्या माणसाने एकदाही घाम पुसला नाही.

लोखंडी पट्ट्या लागतात. घरात नव्हत्या. उलथनी होती, स्टीलची, जाड. तत्त्व एकच. भांडी घासायचा साबण रिमला लावला. गच्चीत बसलो. जुना टायर निघायलाच दुपार झाली. नवा एका बाजूने छान बसला. दुसऱ्या बाजूने बसेना. उलथन्यावर उभा राहिलो. उलथनं वाकलं. दुसरं घेतलं. तेही वाकलं, पण वाकताना टायर आत गेला. गेला म्हणजे गेला! मोठ्याने ओरडलो. ही वर आली, तिला दाखवलं. तिने टायरकडे बघितलं नाही, उलथन्यांकडे बघितलं.

हवा भरली. हवा राहिली नाही. ट्यूब आत चिमटून दोन भोकं पडली होती. ट्यूब हलक्या दर्जाची. कंपनीला ईमेल करायला हवं. मागच्या चाकाला हात लावला नाही. पुढच्यावरून अनुभव आला, तो पुरे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाठ धरलीये. ऑफिसात उभ्यानेच काम केलं. साहेबांनी विचारलं काय झालं. म्हटलं, जिम.

जेवताना ही म्हणाली, अजून आठवडा आहे, कुणाला तरी नीट दोन शब्द बोला ना. मी नेहमी नीटच बोलतो. समोरच्याला समजत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साडूचा फोन. रविवारी गाडीत मागची मधली सीट रिकामी आहे म्हणाला. मधली! म्हटलं, आम्ही मोटरसायकलवर येणार आहोत. म्हणाला, चाकांसकट का? म्हणजे हिने ताईला सांगितलं, ताईने याला. या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही.

हसू दे. रविवारी मी याच्या सनरूफवाल्या गाडीच्या शेजारून जाणार आहे, हिला मागे बसवून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

आज घरात वादळ.

मला न विचारता ही चौकातल्या दुकानात गेली. ढेरपोट्याकडे! मी ऑफिसात असताना. काकूंच्या मुलाच्या गाडीतून चाकं आणि टायर घेऊन. सरळ विचारलं, रविवारी आईकडे जायचंय, चढवून द्याल का? तो म्हणाला देईन की, त्यात काय. नाव विचारलं. हिने नाव सांगितलं. त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, ताई, मी तुमच्याशी कधी उद्धटपणे बोललो? आपण तर आजच भेटतोय.

हिला काही माहीत नव्हतं. भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर स्वतःच्या नावाचा तो रिव्ह्यू वाचावा लागला. म्हणाली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच पुसून टाकला. त्याची माफी मागितली. त्या ढेरपोट्याची!

हिच्या रिव्ह्यूवर पाच जणांना उपयुक्त असं आलं होतं. माझ्यापेक्षा जास्त. आता गेले ते.

त्याची अट अशी: माझाही रिव्ह्यू काढायचा. काढला की लगेच टायर चढवून देतो, नव्या ट्यूबसकट. चाकं त्याच्याकडेच ठेवून आली आहे. म्हणाली, माझ्या नावाने लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का? म्हटलं, समाजासाठी लिहिलं. ती जेवली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी शांत होती. समोर येऊन बसली. म्हणाली, झालं गेलं सोडून देते. तुम्ही एवढा एक रिव्ह्यू काढा. दुकान आठपर्यंत उघडं आहे. टायर लागले की मी उद्या मागे बसून येते. आईला सांगून ठेवलंय.

तिला नीट समजावलं. हा टायरचा प्रश्नच राहिलेला नाही. आज मी वाकलो तर उद्या प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाला वाकवेल. तत्त्वापुढे माणसाने घरचं-दारचं बघायचं नसतं. ती ऐकत होती. मग उठली आणि बॅग भरायला लागली. पटलं असावं.

दुपारी मोबाइल हातात घेतला. रिव्ह्यू परत वाचला. एवढं चांगलं लिहिलेलं पुसायचं म्हणजे जिवावर येतं. संध्याकाळी बघू असं ठरवलं. संध्याकाळी मॅच होती. बघता बघता साडेआठ झाले. आता दुकान बंद झालं असणार, म्हणजे प्रश्नच मिटला.

२३ नोव्हेंबर, रविवार

साडू आला. खाली हॉर्न वाजवला, दोनदा. ही बॅग घेऊन उतरली. मी गॅलरीत. साडूने काच खाली करून विचारलं, येताय का, मधली सीट आहे. म्हटलं, ऑफिसचं काम आहे. ही बघत होती. मागे बसली. मधल्या सीटवर तिने बॅग ठेवली.

दिवस जाता जाईना. पावाला लोणी लावून खाल्लं. उलथनी सरळ करायचा प्रयत्न केला.

चारला तिचा फोन. पोहोचलो, केक कापला, सगळे आले होते. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, जावई कुठे आहेत, मोटरसायकल कुठे आहे. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते म्हणाल्या. ही म्हणाली, आई, त्यांना काम होतं. आणि मग मला म्हणाली, ठेवते.

वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. फार वाईट वाटलं.

सगळे रिव्ह्यू काढले. तिन्ही. ढेरपोट्याला फोन केला. म्हणाला, आज रविवार, दुकान बंद. उद्या या.

२४ नोव्हेंबर, सोमवार. रात्री

टायर लागले. खरंच अर्ध्या तासाचं काम होतं. चाकं हातात देताना ढेरपोट्या म्हणाला, की ताईंनी, म्हणजे हिने, फोन करून सांगितलं होतं, हे उशिरा का होईना येतील, म्हणून शनिवारी दहापर्यंत दुकान उघडं ठेवलं होतं.

घरी आणून चाकं बसवली. विटा काढल्या. काकू बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एक फेरी मारून आलो. गाडी रस्त्याला अशी धरून चालते की काय सांगावं! वळणावर जराही हलली नाही.

गेटसमोर थांबून हॉर्न वाजवला. दोनदा. ही दुपारीच परत आली होती. गॅलरीत आली. खाली बघितलं. टायर छान आहेत म्हणाली. मी मागच्या सीटवर हात मारून म्हटलं, चल. तिने विचारलं, आता कुठे जायचंय?

चिडून नाही, खरंच विचारलं. मी आरसा सरळ केला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली.

एकटाच पेट्रोल पंपावर जाऊन हवा तपासून आलो. बरोबर होती.